पायडलवर पाय ठेवण्याआधी

रविवारी फजरनंतर, पुरते उजाडण्याआधी, बिबवेवाडीच्या रस्त्यावर उभे राहिले तर सायकलींचे दोन-चार जथे हमखास दिसतात. कोणी स्वारगेटच्या बाजूने येतो, कोणी अप्परच्या उतारावरून खाली येतो आणि गंगाधाम चौकाच्या आसपास सगळे एकमेकांची वाट पाहत थांबतात. पुढचे रस्ते ठरलेले असतात. कोंढवा, येवलेवाडी करून बोपदेव घाट, नाहीतर कात्रजचा जुना बोगदा ओलांडून खेड शिवापूर. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मधल्या काळात स्कूटर आणि मोटारसायकलींनी सायकलीला अडगळीत ढकलले होते. आता ती पुन्हा बाहेर आली आहे आणि आपल्या घरांतूनही आली आहे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले म्हणून पंचेचाळिशीचे अब्बा सायकल घेतात, त्यांच्यामागे कॉलेजातला मुलगा लागतो आणि आठवीतली मुलगीही हट्ट धरून बसते.

या मंडळींशी आम्ही अलीकडे बरेच बोललो. विषय एकच होता : निघण्यापूर्वीची पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांत कोण काय करतो?

ऐकायला गंमत वाटेल अशी उत्तरे मिळाली. एकजण घाटाच्या दिवशी ठरावीक मोजेच घालतो. त्यांना अंगठ्याजवळ भोक पडले आहे, तरी टाकत नाही, कारण त्याच मोज्यांवर तो पहिल्यांदा बोपदेव न थांबता चढला होता. दुसरा निघण्याआधी दोनदा घंटी वाजवतो. तीनदा वाजली तर पुन्हा पहिल्यापासून. एका गटात ‘पंक्चर’ हा शब्द वाटेत उच्चारायचा नाही असा अलिखित कायदा आहे. बोलायचेच झाले तर ‘ते’ म्हणायचे, जसे जुन्या बायका रात्री सापाला ‘जनावर’ म्हणत. काहींच्या हँडलला दर्ग्यावरून आणलेली हिरवी फीत होती, काहींच्या सीटखाली काळा दोरा, एकाच्या पिशवीत तावीज, कित्येकांच्या मडगार्डवर ७८६. नवी सायकल आणली त्या दिवशी चाकाखाली लिंबू चिरडल्याचेही दोघा-तिघांनी सांगितले. त्यातला एक आपलाच होता. ‘दुकानदाराने ठेवले, मी काय करणार?’ असे तो म्हणाला आणि हसला.

जवळजवळ प्रत्येकाने शेवटी एक वाक्य जोडले : ही अंधश्रद्धा नाही हो, नुसती सवय आहे.

हे वाक्य थोडे तपासून पाहावे असे आम्हाला वाटले. कारण सवय आणि श्रद्धा यांच्यामधली भिंत फार पातळ असते, आणि घाटाच्या उतारावर ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या पोराचा जीव कधी कधी त्या भिंतीच्या कोणत्या बाजूला आपण आहोत यावर टांगलेला असतो.

हे सगळे आपल्याकडच्या अडाणीपणामुळे चालते असा कोणाचा समज असेल तर तो आधी दूर करू. युरोपातले व्यावसायिक सायकलपटू, ज्यांच्या मागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि संगणक घेऊन फिरणारे मार्गदर्शक असतात, तेही यातून सुटलेले नाहीत. शर्यतीत १३ क्रमांक मिळाला की पाठीवरच्या दोन बिल्ल्यांपैकी एक उलटा लावायचा, ही तिथली जुनी रीत आहे. उलटा १३ म्हणजे जणू १३ नव्हेच! ५१ हा आकडा मात्र भाग्याचा मानला जातो. १९६९ साली एडी मर्क्स, १९७३ साली लुइस ओकान्या, १९७५ साली बर्नार तेव्हने आणि १९७८ साली बर्नार इनो यांनी टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर ५१ होता. आता मर्क्ससारखा माणूस ५० क्रमांक लावूनही जिंकला असता की नाही, हे सायकल शर्यती पाहणाऱ्या कोणालाही विचारावे.

याहून बोलकी गोष्ट जागतिक विजेत्याच्या जर्सीची आहे. जो विश्वविजेता ठरतो त्याला वर्षभर इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांची जर्सी घालता येते, आणि ती जर्सी शापित आहे असे मानणारे बरेच आहेत. ती अंगावर आली की पुढच्या वर्षी हार, दुखापत, अपघात ठरलेलेच, असे ते सांगतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१५ साली या समजुतीवर चक्क एक शोधनिबंध आला. विजेत्यांचे पुढचे वर्ष विजयाच्या वर्षापेक्षा खरोखर फिके जाते, असे त्यात दिसले. पण कारण शाप नव्हता. माणूस विश्वविजेता होतो ते त्याचे सर्वांत चांगले वर्ष असते, आणि शिखरानंतर कोणीही आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततोच. आपल्या घरात दहावीला ९५ टक्के मिळवलेल्या मुलीला अकरावीत ८५ मिळाले की खाला म्हणते, पेढे वाटले तेव्हाच नजर लागली. हिशेब तोच आहे.

मग हुशार माणसे असे का करतात? याचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी ब्रॉनिस्लाव मॅलिनॉव्हस्की या अभ्यासकाचे निरीक्षण आम्हाला सर्वांत पटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. तिथले लोक बेटाच्या आतल्या शांत पाण्यात मासे धरत तेव्हा कोणताही मंत्रतंत्र करत नसत. तेच लोक खुल्या समुद्रात निघाले की जादूटोण्याचे सगळे सोपस्कार पार पाडत. जिथे आपल्या कौशल्यावर भरवसा आहे तिथे माणूस सरळ कामाला लागतो. जिथे धोका आहे आणि निकाल आपल्या हाती नाही, तिथे तो काहीतरी हातात धरू पाहतो.

आपल्या रस्त्यांवरही हेच दिसते. मार्केट यार्डापर्यंत भाजी आणायला जाताना कोणी मोजे बघत नाही. घाट म्हटला की ओठ हलू लागतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतले स्पर्धक ज्या बोरघाटात दम काढतात, त्याच घाटात शिंगरोबाचे छोटे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची आठवण म्हणून ते उभे आहे असे सांगतात, आणि वर्षानुवर्षे चालक मंडळी जाता-जाता तिथे नाणे टाकत आली आहेत. ती श्रद्धा ज्यांची त्यांची. आम्हाला एवढेच दिसते की नाणे टाकण्याची जागा सपाट रस्त्यावर नाही, घाटात आहे.

समजूत एकदा मनात रुजली की ती टिकते कशी, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवर दाखवले. पिंजऱ्यातल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळत. त्यांनी काहीही केले तरी मिळणार होते. पण दाणा पडला त्या क्षणी जे कबुतर गोल फिरत होते, ते पुढे दाण्यासाठी गोल फिरू लागले. जे मान हलवत होते, ते मानच हलवत राहिले. भोकाचे मोजे आणि दोनदा घंटी यांची कहाणी याहून फार वेगळी नसावी. आणि ‘पंक्चर’ शब्दाचे म्हणाल तर, शब्द उच्चारूनही ज्या शंभर वेळा चाक शाबूत राहिले त्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत. ज्या एका वेळी खिळा घुसला ती मात्र चहाच्या टपरीवर वर्षभर सांगितली जाते.

म्हणजे भीती खरी असते, तिच्यावरचा उतारा खोटा असतो. इथवर कोणीही विचारी माणूस येईल. आपला प्रश्न याच्या पुढे सुरू होतो, कारण आपल्याकडे दीन आहे, आणि आपल्या घरांत दीनच्या नावाने चालणाऱ्या पण दीनमध्ये नसलेल्या कितीतरी गोष्टीही आहेत.

निघताना मांजर आडवे गेले की चपला काढून दोन मिनिटे थांबायचे. शिंक आली की बाहेर पडायचे नाही. ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. यात निदान गोडवा तरी आहे. कुठे चाललास, असे मागून विचारायचे नाही. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, ज्याला आपल्या दादी-नानी ‘तेरा तेजी’ म्हणत, त्यात प्रवास टाळायचा. पाहा, युरोपातला १३ आणि आपल्या दादीचा १३ किती सहज एकमेकांना भेटले! शिवाय महिन्याच्या ‘सफर’चा प्रवासाच्या ‘सफर’शी काही संबंध नाही. अरबीत एक ‘साद’ने लिहितात, दुसरा ‘सीन’ने. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सफर महिन्याच्या अशुभपणाची समजूत स्पष्ट शब्दांत नाकारली आहे, आणि ही हदीस बुखारीत आहे. शिंकेचे तर आपल्याकडे उलटेच आहे. शिंक आली की शिंकणाऱ्याने अल्लाहची स्तुती करायची आणि ऐकणाऱ्याने त्याच्यासाठी रहमतीची दुआ करायची. ज्या गोष्टीवर दुआ मिळते ती अपशकुन कशी होईल?

खरे तर निघण्यापूर्वी शकुन पाहण्याची रीत अरबांमध्येच जोरात होती. प्रवासाला निघणारा माणूस पक्ष्याला उडवून पाही. पक्षी उजवीकडे गेला तर शुभ, डावीकडे गेला तर सामान उतरवून घरी. अरबीत अपशकुनाला ‘तियरा’ म्हणतात तो शब्दच मुळी ‘तैर’ म्हणजे पक्षी यावरून आला. प्रेषितांनी (स.) हे बंद केले. पण बंद करताना माणसाच्या मनाची जी जाण त्यांनी दाखवली ती आम्हाला फार मोलाची वाटते. मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांनी त्यांना सांगितले की आमच्यातले काही लोक शकुन-अपशकुन मानतात. प्रेषित (स.) म्हणाले की ही त्यांच्या मनात उठणारी गोष्ट आहे, तिने त्यांना अडवू नये. हे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. म्हणजे मनात शंका उठलीच तर त्यासाठी माणसाला धारेवर धरलेले नाही. तिच्या सांगण्यावरून पाय मागे घेण्याला मनाई आहे. चांगला शब्द कानी पडावा हे मात्र त्यांना आवडत असे. तेव्हा आईने दारातून ‘जा बेटा, खैरियतने ये’ म्हटले तर त्यात काही वावगे नाही. उलट तसे म्हणावेच.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अपशकुनामुळे माघारी फिरणे वेगळे आणि खऱ्या कारणाने माघारी फिरणे वेगळे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग इथे पोचले तेव्हा पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला परत फिरवला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेले तेव्हा आपण तिच्या एका लिखितातून दुसऱ्या लिखिताकडेच जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पहिल्या पावसात घाटाचा रस्ता तेलकट झाला आहे, ब्रेकची तार सुटत आली आहे, रात्रभर ताप होता, ही सगळी परत फिरण्याची कारणे आहेत. मांजर हे नाही.

आता आमच्या ओळखीतल्या एका घराची गोष्ट सांगतो. मुलगा सोळा वर्षांचा. दोनदा पडला होता, एकदा हात प्लास्टरमध्ये होता. तिसऱ्यांदा सायकल घाटात न्यायची म्हटल्यावर अम्मीने कोणाकडून तरी पढवलेला काळा दोरा आणला आणि सायकलीच्या पुढच्या भागाला, जिथे हँडलचा दांडा चाकाच्या चिमट्याला मिळतो तिथे, सात-आठ वेढे घालून घट्ट बांधला. बांधताना ती रडत होती, असे मुलाने सांगितले. महिनाभराने तो सायकल घेऊन मेकॅनिककडे गेला, कारण पुढचा ब्रेक दाबला की पुरता लागत नव्हता. दोऱ्याचे एक टोक सुटून ब्रेकच्या चिमट्यात गुरफटले होते आणि धूळ-तेलाने त्याचा लगदा झाला होता. मेकॅनिकने कात्री घेतली आणि दोरा कापून टाकला.

घरी एकच गहजब झाला. दोरा कापला हाच मोठा अपशकुन! अम्मी दोन दिवस मेकॅनिकच्या नावाने बोटे मोडत होती.

आम्हाला त्या वेळी आठवली ती अबू बशीर अन्सारी (रजि.) यांची हदीस. एका प्रवासात प्रेषितांनी (स.) माणूस पाठवून फर्मावले की कोणत्याही उंटाच्या गळ्यात धनुष्याच्या दोरीचा पट्टा राहू देऊ नये, तो कापून टाकावा. इमाम मालिक (रह.) यांच्या मते लोक ते पट्टे नजर लागू नये म्हणून बांधत, म्हणून हा हुकूम झाला. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांच्याकडून आणखी एक कारण सांगितले जाते : जोरात धावताना त्या दोरीने जनावराचा गळा आवळला जाऊ नये. चौदा शतकांपूर्वीच्या वाहनाला नजरेसाठी बांधलेली दोरी, आणि तीच वाहनाच्या जिवावर उठणारी. बिबवेवाडीच्या त्या मेकॅनिकला ही हदीस ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्याची कात्री बरोबर जागी चालली.

तावीजबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. कुरआनच्या आयती लिहिलेला तावीज काहींनी जायज मानला आहे, काहींनी तोही नको म्हटले आहे. अगम्य आकडे, नावे, खुणा असलेला किंवा ‘यानेच वाचशील’ अशा समजुतीने बांधलेला गंडा मात्र कोणीच मान्य करत नाही. दक्षिणेतल्या आपल्या घरांत प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर नाणे बांधून ‘इमाम-जामिन’ करण्याची पद्धत होती, अजूनही लग्नाकार्यात दिसते. सुखरूप पोचल्यावर ते नाणे गरिबाला देत. आमचे मत विचाराल तर ते नाणे निघण्याआधीच सदका म्हणून देऊन टाकावे, दंड मोकळा राहील.

नजर लागणे हे हदीसमध्ये खरे म्हटले आहे, त्यामुळे तो विषय आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण त्यावरचा उपायही तिथेच सांगितला आहे : सूरह फलक आणि सूरह नास पढणे, आवडलेल्या गोष्टीसाठी बरकतीची दुआ करणे. लिंबू, मिरची आणि बिब्बा त्यात कुठे येत नाहीत. शनिवारी दुकानांच्या दारांना अडकवलेल्या माळा जुन्या झाल्या की रस्त्यावर येऊन पडतात. कधी त्या दोऱ्यात ओवलेल्या असतात, कधी बारीक तारेत, आणि ती तार टायरमध्ये घुसते. नजर उतरवलेल्या माळेने झालेले पंक्चर! हसू येईल, पण यातला खरा धोका निराळाच आहे. रस्त्यात पडलेला लिंबू ओलांडायचा नाही म्हणून पोरे सायकल झटकन बाजूला घेतात. गंगाधामच्या परिसरात मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकची वर्दळ असते. मागून काय येते आहे ते न पाहता घेतलेले ते दीड हाताचे वळण लिंबापेक्षा हजारपट घातक आहे. घरातल्या मुलांना एवढे तरी बजावून सांगा की लिंबावरून चाक गेले तर काही होत नाही.

दीनने निघण्यापूर्वीचे काहीच सांगितलेले नाही का? भरपूर सांगितले आहे, आणि ते सायकलीला इतके चपखल बसते की नवल वाटावे. हजरत अली (रजि.) यांच्यासाठी जनावर आणले गेले तेव्हा त्यांनी रिकिबीत पाय ठेवताना बिस्मिल्लाह म्हटले, पाठीवर नीट बसल्यावर अल्हम्दुलिल्लाह म्हटले आणि मग सवारीची दुआ पढली. प्रेषितांना (स.) असेच करताना आपण पाहिले, असे त्यांनी सांगितले. रिकिबीच्या जागी पायडल ठेवा. ती दुआ सूरह जुख्रुफच्या १३ आणि १४ या आयतींमधली आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते, पण तिच्या अर्थाकडे लक्ष जात नाही. सवारी आमच्या ताब्यात दिली ती अल्लाहने, आमच्यात ते बळ नव्हते. आणि आम्हाला आमच्या रबकडे परतायचे आहे, असा तिचा आशय आहे. दुसरा भाग पुन्हा वाचा. तू पडणार नाहीस, असा वायदा या दुआत नाही. गंडा-दोरा तो वायदा करतो. दुआ तर निघतानाच आठवण देते की परत जायचे आहे, आणि हे ज्याच्या ध्यानात आहे तो उताराला ब्रेकवरून बोटे काढत नाही.

जाबिर (रजि.) सांगतात की आम्ही चढ चढताना तकबीर म्हणायचो आणि उतरताना तस्बीह. बोपदेवच्या चढाला श्वासाच्या लयीत अल्लाहु अकबर म्हणून पाहा. बुखारीतच अशी हदीस आहे की एकटेपणात काय धोका आहे हे लोकांना कळले असते तर कोणी स्वार रात्री एकटा निघाला नसता. आणि अबू दाऊदमध्ये आहे की तिघे प्रवासाला निघाले तर एकाला अमीर करावे. आज प्रत्येक सायकल गट आपला पुढारी ठरवतो, आणि एकाला मुद्दाम सर्वांच्या मागे ठेवतो. पुण्याहून २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे निघतात, साडेतेरा तासांत पुऱ्या करायच्या असतात. तिथेही सुरुवातीलाच हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जॅकेट पाहिले जाते.

उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा ही तिरमिजीतली हदीस आपण लग्नाच्या भाषणातही ऐकतो. सायकल कशी बांधायची ते आता थोडक्यात. हवा अंगठ्याने दाबून पाहावी. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबला तरी हँडलला टेकता कामा नये. रबरी ब्रेक असतील तर त्यांवरच्या खाचा पाहाव्यात, त्या झिजून सपाट झाल्या की रबर बदलायचे. तारेचा एखादा जरी धागा तुटलेला दिसला तर घाट रद्द. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला तेलाचा हात लावू नये. चाक खटक्याने निघणारे असेल तर खटका पक्का बसला आहे ना ते बघावे. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवू नयेत, दाबत-सोडत राहावे. सतत घासून रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. मुलींसाठी आणखी एक : ओढणी, नकाबचे टोक, सलवारची मोहरी चाकात किंवा चेनमध्ये जाणार नाही अशी आवळून घ्यावी आणि चेनला झाकण असलेली सायकल घ्यावी. मुलगी सायकलवर बसली म्हणून काही विपरीत घडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ओढणी चाकात गेल्याने घडलेले पाहिले आहे.

हेल्मेटबद्दल एक हकीकत सांगतो. इटलीत कोमो सरोवराच्या वर, गिसाल्लो नावाच्या चढावर, ख्रिस्ती लोकांचे एक लहानसे प्रार्थनास्थळ आहे. १९४९ साली पोपने तिथल्या मरियमला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केले. भिंतींवर नामवंतांच्या सायकली आणि जर्सी टांगलेल्या आहेत. त्यांत एक मोडकी सायकल आहे, फाबियो कासार्तेल्ली याची. हा त्याच मुलखातला मुलगा, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता. १८ जुलै १९९५ रोजी टूर द फ्रान्समध्ये एका घाटाच्या उतारावर तो पडला, डोके दगडावर आपटले आणि गेला. वय २४. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यानंतरही हेल्मेटची सक्ती व्हायला आणखी आठ वर्षे आणि आणखी एका सायकलपटूचा, आंद्रेई किव्हिलेव्हचा, मृत्यू लागला. २००३ साली जागतिक सायकल संघटनेने नियम केला. आपल्याकडे साध्या सायकलीला हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही, त्यामुळे ते घरच्यांनीच सक्तीचे करायचे आहे.

सगळ्याच सवयी वाईट म्हणून मोडीत काढाव्यात असे आम्ही म्हणणार नाही. सायकल धुतली की दिवस चांगला जातो असे मानणारा एक गृहस्थ आम्हाला भेटला. धुताना हात प्रत्येक नळीवरून, प्रत्येक आऱ्यावरून फिरतो, तडा असेल तर दिसतो. त्याला त्याची समजूत लखलाभ! जादा ट्यूब घरी विसरली की नेमके त्याच दिवशी पंक्चर होते असे मानणाऱ्यालाही आम्ही हटकणार नाही, कारण तो ट्यूब कधी विसरत नाही. भोकाच्या मोज्यांनीही कोणाचे बिघडत नाही, फक्त धुवावेत.

त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या अम्मीने पुन्हा दोरा आणला नाही. मोहल्ल्यातल्या एका आपाने तिला उंटांच्या पट्ट्यांची हदीस समजावून सांगितली, शांतपणे, मेकॅनिकचे नाव न काढता. आता रविवारी पहाटे ती जिन्याखाली येते, आयतुल कुर्सी पढता पढता दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघते, मग ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलते. मुलाला मित्रांसमोर लाज वाटते. गेल्या महिन्यात मागचे टायर तिला मऊ लागले. मुलगा म्हणाला, काही नाही अम्मी, काल संध्याकाळीच भरली होती. तिने ऐकले नाही, पुन्हा पंप आणायला लावला. टायर फिरवून पाहिले तर काचेचा एक तुकडा आत घुसला होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा.